थरांच्या मातीत रेअर अर्थ आयन घालायचेत? मग सुरुवात करायच्या आधी हे वाचा

माझ्या पहिल्या सॅम्पलमधे युरोपियम, म्हणजे एक रेअर अर्थ धातू, ९ टक्के निघालं तेव्हा मी दोन दिवस हवेत होतो. जांभळ्या एलईडीखाली धरलं की पावडर लालसर चमकायची, ॲनालिसिसचा आकडा भरघोस, अजून काय पाहिजे. तिसऱ्या दिवशी लॅबमधल्या एका सीनियर ताईंनी एवढंच विचारलं, "तुझ्या मातीत मावतं किती?" मी हिशोबच केला नव्हता. केला तर उत्तर आलं साडेचार टक्के. म्हणजे जेवढं मावतं त्याच्या दुप्पट माझ्या सॅम्पलमधे होतं, आणि ते जादाचं थरांच्या आत नव्हतं, बाहेर चिकटलेला हायड्रॉक्साइडचा साका, म्हणजे न विरघळता खाली बसणारा गाळ, होता. दीड महिना पाण्यात.

तर हा लेख त्यासाठी. सॅम्पलमधे रेअर अर्थ, म्हणजे लँथॅनमपासून ल्युटेशियमपर्यंतच्या धातूंचे आयन, आणणं सोपं आहे हो, कोणीही आणेल, ते थरांच्या मधेच गेलंय हे छातीठोकपणे सांगता येणं अवघड आहे आणि सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत. मी मॉन्टमोरिलोनाइट (थरांच्या मातीतलं एक खनिज) आणि युरोपियम धरून लिहितोय कारण नवीन माणसाला तेच सगळ्यात सोपं पडतं, लँथॅनम, टर्बियम, गॅडोलिनियम वगैरेंना थोडाफार फरक करून हीच रीत चालते.

१. आधी खनिज नीट निवडा

सगळी थरांची सिलिकेट आयन घेत नाहीत. थरांवर ऋण भार असेल तरच तो भरून काढायला मधे धन आयन बसतात आणि तेच आपण बदलतो. टाल्क आणि पायरोफिलाइट यांच्या थरांवर भारच नाही, तिथे वेळ घालवू नका. केओलिनाइटची सीईसी, म्हणजे आयन अदलाबदलीची क्षमता, १०० ग्रॅमला ३ ते १५ मिलिइक्विव्हॅलंट (भार मोजायचं माप) एवढीच आणि तीही मुख्यतः कडांवरची. साध्या अभ्रकात भार भरपूर आहे पण पोटॅशियम थरांमधल्या खळग्यांत असं घट्ट बसलेलं असतं की ते हलवायलाच वेगळा खटाटोप लागतो.

मॉन्टमोरिलोनाइट बरोबर मधोमध आहे. भार माफक, थर पाण्यात सुटे होतात, सीईसी साधारण ८० ते १२०. बेंटोनाइट म्हणून जे मिळतं त्यात मुख्य हेच असतं, पण बेंटोनाइट हे दगडाचं नाव आहे, खनिजाचं नाही, त्यात क्वार्ट्झ, फेल्डस्पार, कॅल्साइट काहीही असू शकतं हे लक्षात ठेवा. चमक म्हणजे ल्युमिनेसन्स बघायचा असेल तर नैसर्गिक मातीतलं लोखंड ती चमक खाऊन टाकतं, अशा वेळी लॅपोनाइटसारखं कृत्रिम हेक्टोराइट बरं, फक्त ते आम्लात टिकत नाही, त्यातलं मॅग्नेशियम सुटायला लागतं, आणि पाण्यात घातलं की बघता बघता जेल होतं. मॅगाडिआइट नावाचं सोडियमचं थरदार सिलिकेट पण काही लोक वापरतात, केनियातल्या मागाडी सरोवरावरून त्याला नाव पडलं, पण त्याचं पाणी चांगलंच अल्कधर्मी होतं आणि रेअर अर्थ लगेच साका होऊन बसतं, त्यामुळे पहिल्या प्रयोगाला ते घेऊ नका.

२. काय काय लागेल

- शक्यतो सीईसी आधीच माहीत असलेली माती, नाहीतर सीईसी काढायची सोय
- युरोपियम क्लोराइड हेक्साहायड्रेट, किंवा ऑक्साइड आणि शुद्ध हायड्रोक्लोरिक ॲसिड
- सोडियम क्लोराइड, सोडियम ॲसिटेट, ॲसेटिक ॲसिड, हायड्रोजन पेरॉक्साइड
- सिल्व्हर नायट्रेटचं पातळ द्रावण
- ईडीटीए, झायलेनॉल ऑरेंज, हेक्सामाइन (द्रावणातलं युरोपियम टायट्रेशनने मोजायला)
- पीएच मीटर, त्याच दिवशी कॅलिब्रेट केलेला, पीएच पेपर नको
- सेंट्रिफ्यूज, मॅग्नेटिक स्टरर, ॲगेटचा खल
- एक्सआरडीची, म्हणजे एक्स-रेने थरांमधलं अंतर मोजायची सोय, ज्यावर २ अंशांपासून स्कॅन करता येतो असं मशीन

शेवटचं आधी विचारून घ्या. बऱ्याच ठिकाणी पावडरचा नेहमीचा स्कॅन १० अंशांपासून लावतात आणि आपल्याला हवं ते सगळं त्याच्या अलीकडे असतं, मग रिपोर्ट येतो आणि त्यात आपल्या कामाचं काहीच नसतं.

३. हिशोब, आणि तो कागदावर

समजा कोरडी माती ५ ग्रॅम आणि सीईसी ९०. म्हणजे ५ ग्रॅममधे ४.५ मिलिइक्विव्हॅलंट भार. युरोपियमवर भार तीन, म्हणून ४.५ भागिले ३, दीड मिलिमोल. इथे तीनाने भागायचं विसरणारे इतके जण बघितलेत की मोजणं सोडून दिलं. दीड मिलिमोल युरोपियम क्लोराइड हेक्साहायड्रेट म्हणजे ०.५५ ग्रॅम, कारण त्याचं मोलर वजन ३६६.४ आहे.

आता वरची मर्यादा काढा. दीड मिलिमोल युरोपियम म्हणजे २२८ मिलिग्रॅम, आणि त्याच्या बदल्यात १०३ मिलिग्रॅम सोडियम बाहेर जातं, म्हणजे तयार मालात युरोपियम जास्तीत जास्त साडेचार टक्क्यांच्या आसपास. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर मोठ्ठा लिहा. पुढे कुठलंही मशीन याच्यापेक्षा बराच जास्त आकडा देत असेल तर ते यश नाही, गडबड आहे.

अजून एक, हवेत ठेवलेल्या मातीत सहज दहाएक टक्के पाणी असतं. थोडी माती १०५ अंशांना सुकवून ओल काढा आणि वजन त्याप्रमाणे वाढवून घ्या, १० टक्के ओल असेल तर ५ ग्रॅम कोरड्या मातीसाठी ५.५६ ग्रॅम. पण जी माती प्रयोगात वापरणार ती सुकवायची नाही, ओल काढलेला नमुना वेगळा.

४. माती साफ करणं

कंटाळवाणं काम आहे आणि टाळायचा मोह होतोच. टाळू नका, कारण कॅल्साइट राहिलं तर ते हळूहळू विरघळत पीएच वर नेतं आणि पुढच्या पायरीला सगळा घोळ होतो.

कार्बोनेट काढायला १ मोलर सोडियम ॲसिटेट, ॲसेटिक ॲसिडने पीएच ५ ला आणलेलं, त्यात माती हलवत ठेवायची, बुडबुडे थांबेपर्यंत. थेट हायड्रोक्लोरिक ॲसिड ओतू नका, काम लवकर होतं पण थरातलं ॲल्युमिनियम पण सुटतं. मग सेंद्रिय कचरा असेल तर हायड्रोजन पेरॉक्साइड, अगदी थोडं थोडं, आणि बीकर गरजेच्या चौपट मोठा घ्या. मी एकदा २५० मिलीच्या बीकरमधे केलं, जेवून आलो तर निम्मी माती हॉटप्लेटवर वाळून पापड झालेली.

मग बारीक भाग वेगळा करायचा. दोन मायक्रॉनच्या खालचं हवं असेल तर सेंट्रिफ्यूजशिवाय पण होतं, माती भरपूर डिस्टिल्ड पाण्यात ढवळून उंच भांड्यात ठेवा, २० अंश तापमानाला दोन मायक्रॉनचा कण १० सेंटीमीटर खाली जायला साधारण ८ तास घेतो, म्हणजे ८ तासांनी वरचं १० सेंटीमीटर पाणी सायफनने काढलं की त्यात बारीक मॉन्टमोरिलोनाइट आलं आणि क्वार्ट्झ बहुतेक खाली राहिलं. भांडं हलवायचं नाही, खिडकीच्या उन्हात ठेवायचं नाही, पाण्यात प्रवाह तयार होतात.

सुक्या मातीची पावडर उडवत बसू नका, क्वार्ट्झची धूळ फुफ्फुसाला वाईट. मास्क लावा.

५. सगळी माती सोडियमवर आणा

बाजारातल्या बऱ्याच बेंटोनाइटमधे सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम असं सगळं मिसळलेलं असतं. ते एका सोडियमवर आणायचं, त्यासाठी १ मोलर सोडियम क्लोराइडमधे काही तास ढवळा, सेंट्रिफ्यूज करा, वरचं टाका, नवीन घाला, असं तीन वेळा. याची दोन कारणं आहेत. एक तर सोडियम ढिलं बसलेलं असतं, तीन भारांचा आयन आला की ते पटकन जागा सोडतं. दुसरं कारण एक्सआरडीचं. सोडियमवाल्या मातीत थरांमधलं अंतर नेहमीच्या हवेत साधारण १२.५ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग) असतं आणि युरोपियमवाल्यात १५ च्या आसपास, म्हणजे फरक डोळ्याला दिसतो. कॅल्शियमवाली माती आधीच १५ च्या जवळ असते, तिच्यात युरोपियम गेलं काय आणि नाही गेलं काय, पीक, म्हणजे एक्सआरडीच्या आलेखातलं टोक, जागचं हलत नाही.

मग मीठ धुऊन काढायचं. इथे एक गंमत आहे, पहिल्या दोन धुण्यांना माती छान तळाला बसते आणि मीठ कमी झालं की अचानक बसायचंच बंद होतं, वरचं पाणी गढूळ राहतं. नवीन माणूस ते गढूळ पाणी ओतून देतो, आणि त्यातच सगळ्यात चांगली, सगळ्यात बारीक माती असते. गढूळ झालं की स्पीड वाढवा, नाहीतर सरळ डायलिसिसच्या पिशवीत भरून पाणी बदलत राहा. पिशवीबाहेरच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकून दुधी झालं नाही की धुणं संपलं.

६. रेअर अर्थचं द्रावण

तयार क्लोराइड असेल तर पाण्यात विरघळवा, संपलं. पण बाटलीवर सहा पाणी लिहिलंय म्हणून आत सहाच असतील असं समजू नका, ही मिठं हवेतली ओल ओढतात. खरी ताकद ईडीटीएने टायट्रेट करूनच घ्यायची: हेक्सामाइनने पीएच साडेपाचच्या आसपास, झायलेनॉल ऑरेंजचे दोन थेंब, लालसर जांभळा रंग येतो, आणि ईडीटीए टाकत गेलात की एका थेंबाला तो लिंबासारखा पिवळा होतो. एकास एक प्रमाण आहे, त्यामुळे हिशोब सोपा.

ऑक्साइडपासून करत असाल तर गरम हायड्रोक्लोरिक ॲसिडमधे विरघळवा आणि जास्तीचं ॲसिड जवळजवळ कोरडं होईपर्यंत उडवा. लँथॅनम ऑक्साइडची जुनी बाटली असेल तर सावध राहा, ते हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड घेऊन कधीच दुसरंच काहीतरी झालेलं असतं, ९०० ते १००० अंशांना तापवून मगच तोला. सिरियमचा ऑक्साइड हायड्रोक्लोरिकमधे सहज विरघळत नाही, त्याचं मीठच आणा. आणि सिरियमचं अजून एक, पीएच जरा वर गेला की हवेत ते तीनवरून चार भारावर जातं आणि पिवळट साका धरतं, म्हणून पहिल्या प्रयोगाला सिरियम नको.

क्लोराइड की नायट्रेट? मी क्लोराइड म्हणेन, कारण शेवटी धुणं पूर्ण झालं का ते सिल्व्हर नायट्रेटने कळतं. नायट्रेट वापरलं तर ती सोय गेली.

७. पीएच, पीएच आणि पीएच

माझी ९ टक्केवाली चूक इथे झाली होती. सोडियमवाली माती पाण्यात घातली की त्या पाण्याचा पीएच ८ ते १० पर्यंत असतो. मी सरळ त्यात युरोपियमचं द्रावण ओतलं. युरोपियम सातच्या आसपास हायड्रॉक्साइड होऊन खाली बसायला लागतं, त्यामुळे माझा निम्मा माल थरांपर्यंत पोचायच्या आधीच साका झाला आणि मातीच्या कणांवर जाऊन बसला. लँथॅनम याच्यापेक्षा जरा सहन करतं, ल्युटेशियमकडे जाल तसं अजून आधी बसतं, कारण आयन लहान होत जातो, लँथॅनमची त्रिज्या १.०३ अँगस्ट्रॉम आणि ल्युटेशियमची ०.८६.

म्हणून असं करा. सोडियमवाली माती पाण्यात १ टक्का, म्हणजे ५ ग्रॅमला ५०० मिली. रात्रभर ढवळून सुटी होऊ द्या. मग ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिडचे थेंब टाकत पीएच ५ ला आणा. आणि थांबा. तासाभराने परत बघा, तो ५.८ झालेला असेल, कारण मातीच्या कडा ॲसिड हळूहळू खात राहतात. परत ५ ला आणा, परत थांबा. दोन तीन वेळा केलं की स्थिर होतो. चारच्या खाली नेऊ नका, तीनच्या खाली तर अजिबातच नाही, कारण मग थरातलं ॲल्युमिनियम बाहेर येऊन मधल्या जागेत स्वतःच बसतं आणि तुमच्या युरोपियमची जागा अडवतं.

युरोपियमच्या द्रावणाचा पीएच पण बघून घ्या, तोही साडेचार ते पाच असावा. मग ते मातीत थेंब थेंब सोडा, ढवळणं चालू ठेवून. इथे काय होतं ते डोळे उघडे ठेवून बघण्यासारखं आहे. आधी माती दुधासारखी सारखी पसरलेली असते, दहावीस मिली गेलं की दूध फाटावं तशी तिची पिसं पिसं होतात आणि स्टरर बंद केला तर मिनिटाभरात वर निवळ पाणी दिसतं. ज्यांना हे माहीत नसतं ते घाबरतात, साका पडला म्हणून. हा साका नाही, तीन भारांचे आयन थोडे जरी आले तरी ते मातीचे कण गोळा करतातच. खरा साका यापेक्षा वेगळा ओळखायचा तर माती न घालता तेच द्रावण त्याच पीएचला एका बाटलीत बाजूला ठेवा, ती बाटली दुसऱ्या दिवशीही स्वच्छ असेल तर काळजी नाही.

युरोपियम एकूण क्षमतेच्या तिप्पट घ्यायचं, पण एकदम नाही, तीन हप्त्यांत. आपल्या उदाहरणात दर खेपेला ०.५५ ग्रॅम. ढवळायचं, सेंट्रिफ्यूज, निवळी वेगळ्या बाटलीत जपून ठेवायची, मग परत ताजं द्रावण. खरं तर अदलाबदल पहिल्या काही तासांतच बरीचशी होऊन जाते, तरी मी एक खेप २४ तासांची धरतो, सकाळी बदलायचं हे लक्षात राहतं म्हणून. दर खेपेला पीएच लिहा.

सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच वर आणायची वेळ आली, तर प्रत्येक थेंबाची नोंद ठेवा. का ते दहाव्या पायरीत कळेल.

आणि फॉस्फेट बफरचं नाव काढायचं नाही. रेअर अर्थ आणि फॉस्फेट समोरासमोर आले की न विरघळणारा फॉस्फेट बनतो. हा गुण इतका पक्का आहे की त्यावर एक मालच निघालाय, ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेने १९९० च्या दशकात लँथॅनम घातलेलं बेंटोनाइट तयार केलं, फॉस्लॉक नावाने ते तलावात टाकतात, त्यातलं लँथॅनम पाण्यातलं फॉस्फेट धरून तळाशी बसवतं. म्हणजे आपण प्रयोगशाळेत जे करतोय तेच, टनांच्या मापात. पण आपल्या बीकरमधे हे नको, त्यामुळे फॉस्फेटवाल्या डिटर्जंटने धुतलेली काचेची भांडी पण दोनदा जास्त खंगाळा. ऑक्झॅलेट, फ्लोराइड यांच्या बाबतीतही हेच.

८. धुणं

डिस्टिल्ड पाण्याने तीन चार वेळा. आता माती सहज बसते, ३००० ते ४००० आरपीएमला दहा मिनिटं पुरेत. सिल्व्हर नायट्रेटने दुधी येणं थांबलं की थांबा. अति धुऊ नका, माती शुद्ध पाण्यात दिवसेंदिवस ठेवली की मधल्या युरोपियमचं हायड्रोलिसिस, म्हणजे पाण्याशी प्रक्रिया होऊन हायड्रॉक्साइडकडे जाणं, सुरू होतं, म्हणून इथे डायलिसिस नको.

९. सुकवणं

६० अंशांच्या वर जाऊ नका. फ्रीझ ड्राय होत असेल तर सगळ्यात छान, पावडर हलकी राहते. ओव्हनमधे सुकवलं तर कडक खपल्या होतात, त्या ॲगेटच्या खलात हलक्या हाताने वाटा, जोर लावून तासभर घोटलं तर थरच मोडतात.

१०. आत गेलं का?

एका टेस्टवर कधी विश्वास ठेवू नका. मी चार करतो.

पहिली एक्सआरडी. मातीचा पातळ घोळ काचेच्या पट्टीवर ओतून आडवा सुकू द्या, थर सपाट बसतात आणि पहिलं पीक जोरदार येतं. तांब्याच्या एक्स-रे नळीवर १२.५ अँगस्ट्रॉम म्हणजे ७.१ अंश, १५ म्हणजे ५.९ अंश. पीक सातवरून सहाच्या खाली सरकलं की चांगलं लक्षण. सातला तसंच राहिलं आणि ॲनालिसिसमधे युरोपियम भरपूर दिसतंय, तर ते बाहेर आहे, वाद नको. हायड्रॉक्साइडचा ताजा साका स्वतःचं पीक देत नाही, तो अस्ताव्यस्त असतो, त्यामुळे 'वेगळं पीक नाही म्हणजे साका नाही' हे म्हणणं चुकीचं. हवेतल्या ओलीने पण हे अंतर बदलतं, म्हणून सगळी सॅम्पलं मोजायच्या आधी एकाच ओलीत ठेवा, बंद डब्यात मॅग्नेशियम नायट्रेटचं संपृक्त द्रावण ठेवलं की आतली ओल साधारण ५३ टक्क्यांवर राहते.

दुसरी तीनास एकची. जपून ठेवलेल्या निवळीत सोडियम मोजा फ्लेम फोटोमीटरवर, आणि युरोपियम किती कमी झालं ते ईडीटीएने. खरी अदलाबदल झाली असेल तर एक युरोपियम आत गेला की तीन सोडियम बाहेर आले पाहिजेत, दीड मिलिमोल गेलं तर साडेचार मिलिमोल, म्हणजे १०३ मिलिग्रॅम सोडियम. साका झाला असेल तर युरोपियम गायब होतं पण सोडियम तेवढं येत नाही, उलट पीएच पडतो. मला विचाराल तर ही सगळ्यात प्रामाणिक टेस्ट आहे आणि हिला महागडं मशीन पण लागत नाही. सोडियम हायड्रॉक्साइडची नोंद ठेवा म्हटलं ते याचसाठी, तुम्ही स्वतः घातलेलं सोडियम वजा करावं लागतं.

तिसरी उलटी अदलाबदल. थोडं सॅम्पल १ मोलर मॅग्नेशियम क्लोराइडमधे दोन तीन वेळा हलवा. थरांमधलं युरोपियम बऱ्यापैकी बाहेर येतं, साका जागेवर राहतो. अमोनियम क्लोराइड या कामाला नको, त्यात ताजा हायड्रॉक्साइड पण थोडा विरघळतो आणि उत्तर फसवं येतं. अमोनियमवरून आठवलं, दक्षिण चीनमधे जिआंग्शी भागात १९६९ मधे अशा मातीचे साठे सापडले ज्यात रेअर अर्थ आयन निसर्गानेच मातीच्या कणांवर धरून ठेवलेत, तिथे खडक फोडायची गरजच नाही, अमोनियम सल्फेटचं पाणी फिरवलं की आयन बाहेर. आपली टेस्ट तीच, फक्त मीठ वेगळं.

चौथी चमक, फक्त युरोपियम असेल तर. ३९४ नॅनोमीटरला उत्तेजित करा आणि ५९२ व ६१५ ची पीकं बघा. आयनाभोवती नुसतं पाणी असेल तर ५९२ वरचढ असतं, ऑक्सिजनवाल्या पृष्ठभागाला थेट चिकटलं असेल तर ६१५ वर चढतं. चमक किती वेळ टिकते त्यावरून भोवती किती पाण्याचे रेणू आहेत तेही निघतं: १.०७ भागिले वेळ मिलिसेकंदात, वजा ०.६२. पाण्यातल्या मोकळ्या युरोपियमचा वेळ ०.११ मिलिसेकंद असतो, म्हणजे ९ रेणू. मॉन्टमोरिलोनाइटमधे पीएच ५ ला घातलेलं युरोपियम याच्या जवळपास दिसायला हवं, कारण ते आपलं पाणी अंगावर घेऊनच आत जातं. पण नैसर्गिक मातीतलं लोखंड हा वेळ कमी करतं, मग सूत्र पाणी जास्त दाखवतं, ९ च्या वर १२ वगैरे आलं तर हसा आणि लोखंड तपासा.

एकूण युरोपियम मोजायला माती पूर्ण विरघळवावी लागते. हायड्रोफ्लोरिक ॲसिड हा नेहमीचा मार्ग इथे दोनदा वाईट, एक तर ते हाडापर्यंत जाणारं ॲसिड आहे, नवीन माणसाने एकट्याने हात लावू नये, आणि दुसरं म्हणजे रेअर अर्थचे फ्लोराइड विरघळत नाहीत, तळाशी बसतात आणि आकडा कमी येतो. लिथियम मेटाबोरेटबरोबर वितळवून मग पातळ नायट्रिकमधे विरघळवलं की हा त्रास नाही.

११. तापवायचं असेल तर

१०० ते १५० अंशांत मधलं पाणी जातं, थर जवळ येतात, अंतर १० अँगस्ट्रॉमच्या आसपास. इथून परत ओल दिली तर बहुतेक पूर्ववत होतं. ३०० च्या पुढे गेलात की थर परत उघडत नाहीत आणि युरोपियम अडकून पडतं, उलट्या अदलाबदलीत बाहेर येत नाही. ते हवं असेल तर मुद्दाम करा, पण नकळत झालं तर टेस्ट तीनचा निकाल बघून डोकं धराल.

बंद भांड्यात पाण्यासकट ३०० अंशांपर्यंत बरेच दिवस ठेवलं तर गोष्ट वेगळीच होते, रेअर अर्थ थरातल्या सिलिकॉनशी बांधलं जाऊन डायसिलिकेट बनू शकतं. अणुकचऱ्याभोवती बेंटोनाइटची भिंत घालायचा विचार करणाऱ्यांना यात रस असतो, कारण अमेरिशियम आणि क्युरियम पण तीन भारांचेच, आणि त्यांच्या जागी युरोपियम, लँथॅनम वापरून हे बिनधोक तपासता येतं.

१२. लेबल, आणि दोन जादा बाटल्या

बाटलीवर नुसतं 'युरोपियम माती' लिहू नका, मातीचा लॉट, एक्सचेंजचा पीएच, खेपा आणि सुकवायचं तापमान लिहा. शिवाय दोन सॅम्पलं दर वेळी जादा करा. एक कोरं, म्हणजे तीच माती, तेच ॲसिड, तेवढेच तास, फक्त युरोपियम नाही. आणि एक मुद्दाम बिघडवलेलं, पीएच ९ ला युरोपियम ओतून. चारही टेस्ट या दोघांवर पण करा, म्हणजे आत गेलेलं कसं दिसतं आणि बाहेर चिकटलेलं कसं दिसतं हे स्वतःच्या मशीनवर, स्वतःच्या मातीत समोर येतं.

मला दुसरं सॅम्पल वेगळं करावं लागलं नाही. ती ९ टक्केवाली बाटली अजून आहे, फक्त लेबल बदललंय, आता तिच्यावर 'साका, तुलनेसाठी' असं लिहिलंय आणि दर नव्या बॅचबरोबर ती एक्सआरडीला जाऊन येते.